माळ्यावरच्या गाठोड्याच्या मालकांना

ज्यांच्या घरात, वाड्यात, माळ्यावर किंवा देवघराखालच्या पेटीत जुन्या मोडी कागदांचे एखादे गाठोडे पडून आहे, त्या सर्व कुटुंबांस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका गावी पोहोचले तेव्हा तिथला वाडा पाडून तीन महिने झाले होते. जागेवर खडी आणि सळया पडल्या होत्या. शेजारी नव्या घरात राहणाऱ्या काकूंनी मला आत बोलावले, चहा ठेवला आणि सहज म्हणाल्या, "कागद होते ना, दोन पेट्या भरून. कोणाला वाचता येईनात. बंबाला घातले." त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. जे कागद घरात कोणालाच वाचता येत नाहीत, ज्यांना कसर लागली आहे, ज्यांची धूळ उडाली की पोरे शिंकायला लागतात, ते घर हलवताना कोण सांभाळणार? पण त्या पेट्यांच्या मागावर मी आठ वर्षे होते. एका पाटीलकीच्या भांडणाचे कागद मला पुण्याच्या दफ्तरात सापडले होते, तेही एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे याच घराण्याकडे असणार, हे वंशावळी जुळवत, गावोगाव विचारत मी शोधून काढले होते. परतीच्या एसटीत बसल्यावर ठरवले की आता एकेका दाराशी पोहोचण्याची वाट न पाहता तुम्हा सगळ्यांना एकदमच लिहायचे.

आम्हा इतिहास संशोधकांचा दिवस कसा जातो हे सांगितल्याशिवाय मी तुमच्या दारात का येते ते कळायचे नाही. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, म्हणजे आजचे पुराभिलेखागार. 1891 साली खास या कागदांसाठी बांधलेली दगडी इमारत. तिथे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. सकाळी जायचे, चिठ्ठी भरून रुमाल मागायचा, तो येईपर्यंत काल उतरवलेले तपासायचे. रुमाल आला की गाठ सोडायची आणि एकेक कागद उलगडायचा. लिहायला फक्त पेन्सिल, कारण शाईचा एक थेंबही तिथे चालत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी पद्धत. शब्द संपला की जागा सुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. एका नव्या हाताशी डोळे जुळायला आठवडा जातो. कधी कधी दिवसभरात चार ओळी कामाच्या निघतात. कधी तीन दिवस काहीच निघत नाही, आणि चौथ्या दिवशी एका यादीच्या पाठीवर आपल्याला हवे असलेले गाव दिसते. तेव्हा हात थरथरतात. वीस वर्षे झाली, अजून थरथरतात.

कागद उलगडताना घडीतून बारीक वाळू मांडीवर सांडते. शाई टिपायला तेव्हा वाळू टाकत, तीच ही. कोणीतरी पत्र लिहून घाईने त्यावर वाळू टाकली, घडी घातली, जासुदाच्या हाती दिले, आणि दोन-अडीचशे वर्षांनी ती वाळू माझ्या ओढणीवर पडली. ती झटकताना मला अजून जड जाते.

पुणे झाले की मुंबई, कोल्हापूर, नागपूर. मराठ्यांचे कागद मराठी मुलखापुरते राहिलेले नाहीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीजांनी मराठ्यांबद्दल लिहिलेले आहे, राजस्थानातल्या संस्थानांचे कागद बिकानेरला आहेत. रात्रीची गाडी, सकाळी कचेरी, संध्याकाळी खोलीवर टिपणे, असे आमचे महिने जातात. याबद्दल तक्रार नाही. हे काम मी मागून घेतलेले आहे.

पण या सगळ्या दफ्तरांत एक मोठी उणीव आहे आणि ती भरून काढणे तुमच्याच हाती आहे. पत्र हे लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ते ज्याला लिहिले त्याच्या घरी राहते. पुण्याच्या दफ्तरात काय आहे? जे पुण्याला आले ते. गावच्या पाटलाने केलेली तक्रार आहे, कमाविसदाराने, म्हणजे महसूल वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने, पाठवलेला हिशेब आहे. पुण्याहून गावाला जे गेले, त्याची नोंद किंवा मसुदा कधी इथे मिळतो, पण मूळ पत्र, त्यामागे घरात झालेला खल, भावाने भावाला लिहिलेली चिठ्ठी, विधवा काकूने चोळीबांगडीसाठी मागितलेले पैसे, हे तुमच्या माळ्यावर आहे. अर्धे बोलणे ऐकून मी इतिहास लिहिते आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या गाठोड्यात आहे.

हे नवे नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा पायाच मुळी घरांतल्या कागदांवर उभा राहिला. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. वाईत हाती लागलेल्या कागदांतून त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला, 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचा. पानिपतावर मराठी माणूस आज जे बोलतो त्यातले कितीतरी या पत्रांमुळे कळले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवत असत. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला, पदरमोड करून, वर्षानुवर्षे. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर द. ब. पारसनीसांच्या हाती आले, साताऱ्याच्या संग्रहालयात राहिले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. यातला एकही कागद सरकारी कपाटातून आलेला नव्हता. कोणाच्या तरी पूर्वजांनी ते पावसापासून, वाळवीपासून, वाटण्यांतल्या भांडणांपासून जपले होते. गो. स. सरदेसायांनी पुढे 1930 च्या दशकात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले, आणि तरीही दफ्तराचा फार थोडा भाग छापला गेला. मग ज्या घरांच्या पायऱ्या आजवर कोणीच चढले नाही, तिथे काय असेल?

मी दारात उभी राहते तेव्हा तुमच्या डोळ्यांत जो संशय दिसतो, त्याला कारण आहे हेही मला माहीत आहे. ते कारणसुद्धा इतिहासातलेच आहे. इंग्रज सरकारच्या 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनच्या, म्हणजे करमाफ जमिनींचे हक्क तपासणाऱ्या मंडळाच्या, हाती अधिकार आले. ज्याच्याकडे इनाम आहे त्याने कागद दाखवावेत, नाहीतर इनाम जाईल, असा तो काळ होता. गावोगावच्या वतनदारांकडून, इनामदारांकडून दप्तरे गोळा झाली. त्या कागदांचे 'जमाव दफ्तर' आजही पुण्यात आहे. अनेकांची इनामे गेली आणि कागदही गेले. तुमच्या खापरपणजोबांनी तेव्हा काही कागद भिंतीत किंवा धान्याच्या कणगीत दडवले असतील तर ते शहाणपणच होते. "कागद बाहेरच्याला दाखवायचे नाहीत" हे घरातले सांगणे तिथून आलेले आहे. पण आता ती भीती उरलेली नाही. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने संपली, पाटीलकी 1962 च्या कायद्याने. तुमच्या सनदेवरून, म्हणजे जुन्या हक्कपत्रावरून, आज सहसा कोणाची जमीन जाणार नाही आणि कोणाला मिळणारही नाही. 1972 च्या कायद्याने 75 वर्षांहून जुने ऐतिहासिक कागद पुरावस्तू ठरतात, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पण मालकी तुमचीच राहते. मी फोटो काढले म्हणून ती माझी होत नाही आणि सरकारचीही होत नाही.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे, कारण ते आमच्या बाजूचे आहे. "एकजण आले होते, वाचून आणून देतो म्हणाले, पेटी नेली, परत आलीच नाही." हे मी इतक्या घरांत ऐकले आहे की आता ते वाक्य सुरू झाले की माझी मान खाली जाते. नेणारे नेहमीच लबाड होते असे नाही. कोणी आजारी पडले, कोणी वारले, त्यांच्या मुलांना पेटी कोणाची ते ठाऊक नव्हते. पण तुमचे गेले ते गेलेच. म्हणून मी अनेक वर्षे एक गोष्ट पाळते आणि तुम्हीही ती प्रत्येक संशोधकाकडून पाळून घ्यावी असे माझे सांगणे आहे: कागद घराबाहेर न्यायचा नाही. तुमच्या ओसरीवर, तुमच्या समोर, खिडकीच्या उजेडात उलगडायचा, फोटो घ्यायचे आणि जसा होता तसा बांधून ठेवायचा. फोटोंची एक प्रत तुम्हाला द्यायची. एखादे दप्तर संस्थेला द्यावे असे तुमच्या मनात आलेच, तर यादी करून, पोच घेऊन द्या.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे ते. तुम्ही मला नेहमी आधी सनद दाखवता. चौकटीत घातलेली, कधी सोनेरी काठाची. मी ती आदराने वाचते. पुष्कळदा ती नक्कल असते, मूळ सनदेवरून पुढे कधीतरी उतरवून घेतलेली, आणि हे सांगताना घरातल्यांचे चेहरे उतरतात. उतरू नयेत. नक्कल करून ठेवावीशी वाटली म्हणजे घराला ती केव्हा तरी सिद्ध करावी लागली होती, हीदेखील एक हकिगतच आहे. पण सनद वाचून झाली की मी विचारते, बाकीचे काय आहे? तेव्हा उत्तर येते, "बाकी काही नाही हो, नुसते हिशेबाचे चिटोरे."

त्या चिटोऱ्यांसाठीच मी येते.

एका घरात असेच झाले. सनद पाहून झाल्यावर जिन्याखालचे पोते दाखवायला ते तयारच नव्हते, रद्दीवाल्याला बोलावणे गेले होते. पोत्यात घरखर्चाच्या लांबट पट्ट्या होत्या, मधोमध दुमडलेल्या, दोऱ्याने जुड्या बांधलेल्या. वरच्या जुडीवर होते: अर्बा मयातैन व अलफ. ही सुहूर सन लिहायची तऱ्हा, आकड्यांची अरबी नावे. अर्बा म्हणजे चार, मयातैन दोनशे, अलफ हजार. 1204. त्यात 599 मिळवले की 1803 चा मृग ते 1804 चा मृग. मी ते वाचले आणि जमिनीवरच बसले. होळकरांच्या स्वारीने मुलूख उजाड झाल्यानंतरच्या मोठ्या दुष्काळाचे ते साल. जोंधळ्याची खरेदी पट्टीपट्टीवर होती, आणि रुपयाला मिळणारे शेर पट्टीगणिक कमी होत होते. तेल आधी बंद झाले, मग गूळ. एक नोंद मात्र रोज येत होती, दारी आलेल्यांस पीठ, इतके इतके. ते मापही घटत गेले. आणि मग एका पट्टीपासून ती नोंदच नाही. बाकीचा खर्च पुढे चालू आहे, चुन्याचे पैसे, न्हाव्याचे बलुते, पण दारी आलेल्यांस काही नाही. पीठ संपले, की येणारेच संपले? मी त्या पट्टीवर बराच वेळ बोट ठेवून बसले होते. दुष्काळाबद्दल मी त्याआधी कितीतरी वाचले होते. कोणत्याही बखरीत किंवा साहेबाच्या अहवालात मला तो असा भेटला नव्हता.

ते पोते दुसऱ्या दिवशी वजनावर गेले असते.

म्हणून काही गोष्टी विनवून सांगते. जुड्या सोडू नका, निदान एकमेकींत मिसळू नका. पुष्कळ कागदांवर साल नसतेच, नुसता चंद्र असतो, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. छ 12 रबिलाखर, म्हणजे रबिलाखर महिन्याची बारावी तारीख, एवढेच. कोणत्या सालचा रबिलाखर ते त्याच्या वरच्या आणि खालच्या कागदांवरून कळते. शेजार सुटला की तो कागद मुका होतो. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. लोकांनी वर्षानुवर्षे न उघडलेली दप्तरे खाली काढली, याचा मला आनंदच झाला. पण एक शब्द शोधण्यासाठी सगळे दप्तर विस्कटून, तो सापडला किंवा न सापडला की उरलेले पुन्हा कोंबून ठेवलेले मी पाहिले, तेव्हा वाईट वाटले. त्या शब्दाला जितका मान आहे, तितकाच त्याच्या शेजाऱ्यांनाही द्या.

फोटो पाठवता तेव्हा नुसता मजकूर कापून पाठवू नका. सगळे पान, चारही कडांसकट, आणि पाठ जरूर. पाठीवर पत्र पोहोचल्याची नोंद असते, 'पौ' करून तारीख असते. जोडलेल्या लांब कागदावर सांध्यांवर मागून शिक्के मारलेले असतात. ते सांधे चिकटपट्टीने जोडू नका. चिकटपट्टी पाच-दहा वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. आणि कृपा करून लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रेमाने, पैसे खर्चून लोक कागद प्लास्टिकमध्ये बंद करून आणतात. ते आता उघडता येत नाही हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही.

दसऱ्याला दप्तराची पूजा करता, ती करा. ज्या घरांत पूजा होते त्याच घरांत कागद टिकले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. फक्त हळदकुंकू आणि पाणी रुमालाच्या कापडावर वाहा, आतल्या कागदाला लागू देऊ नका. त्या काळची मोडीतली काळी शाई काजळाची, डिंकात कालवलेली. ती दोनशे वर्षे काळीभोर राहते, पण पाणी लागले की विरघळते. एका घरातल्या कागदावर दरवर्षी बोट टेकवून इतके कुंकू लागले होते की नेमकी मुद्राच दिसेनाशी झाली होती. 2019 च्या महापुरानंतर सांगलीकडच्या एका घरात भिजलेले दप्तर गच्चीवर कडक उन्हात पसरलेले पाहिले. कागद वाळून पापडासारखे वळले होते, उचलले की तुटत होते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, कोऱ्या कागदांच्या थरांत वाळवले असते तर निम्मे तरी वाचले असते. त्या घरातल्या कोणाची चूक नव्हती. हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नव्हते, आणि ते सांगणे आमचे काम होते.

एक अवघड गोष्ट उरते. कागदात काय निघेल हे मला आधी माहीत नसते आणि जे निघेल ते तुम्हाला आवडेलच असे नाही. कर्ज निघते, भाऊबंदकी निघते, खोटी शपथ निघते. मोठ्या घरांच्या हिशेबात कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याची नोंद निघते, बाईची किंमत रुपयांत लिहिलेली. एका आजोबांनी माझे हात धरून सांगितले होते, "हे एवढे छापू नका." मी त्यांना शब्द देऊ शकले नाही. त्या बाईबद्दल जगात लिहिलेली तेवढी एकच ओळ होती, ती मी गाळली असती तर ती दुसऱ्यांदा मेली असती. मात्र घराण्याचे नाव न घालता लिहीन, हे मी कबूल केले आणि पाळले. तुमच्याशीही मी हेच बोलेन, आधी बोलेन, कागद उलगडण्यापूर्वी. पटले नाही तर मी चहा घेऊन परत जाईन आणि गाठोडे तसेच बांधलेले राहील. पण ते राहील तरी.

आणि घरातल्या बायकांना जरूर विचारा. मी बाई म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकते आणि तिथे मला कितीदा कळले आहे की पेटी कुठे आहे ते आजींना माहीत असते. पुरुषमंडळी ओसरीवर "आमच्याकडे काही नाही" म्हणत असतात, आणि आजी मागच्या खोलीतल्या पितळी डब्याकडे बोट दाखवतात. त्यांच्या सासूने सोपवलेला डबा. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही, पण टाकायचा नाही हे ठाऊक आहे.

मोडी शिकायची इच्छा घरातल्या कोणा तरुण मुलाला-मुलीला असेल तर फार उत्तम. काही महिने रोज तासभर बसले की पहिली ओळ लागते. स्वतःच्या घराचा कागद स्वतः वाचणारा माणूस मला एकदाच भेटला, पस्तिशीतला शेतकरी. त्याने अडखळत त्याच्या पूर्वजाचे नाव वाचले आणि वाचून झाल्यावर बोट उचललेच नाही.

घर बांधायला काढले असेल, वाटण्या होत असतील, शहरात हलायचे असेल, तर पेटी रद्दीत किंवा बंबाजवळ जाण्याआधी जवळच्या इतिहास मंडळाला, कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना किंवा कोणा मोडी वाचकाला एक निरोप द्या. पुण्यात 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. आमच्यापैकी कोणीतरी येईल. एसटी जिथे थांबते तिथून चालत येईल. जेवणाची खटपट करू नका. खिडकीजवळ एक स्वच्छ चादर अंथरून ठेवा, पंखा बंद ठेवा, आणि गाठ तुमच्याच हाताने सोडा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक इतिहास संशोधक